छोट्या देवीची पाठवणी

शिमग्याआधी बंद पडलेली मारुतीच्या देवळातली शाळा चैत्र सरता सरता पुन्हा उघडली आणि सगळ्या वाडीत जीव आला. फक्त सारजाबाईच्या घरात भांडण आलं.

ताडकळसच्या अलीकडं कोसभरावर असलेल्या त्या वाडीत यंदा देवीची साथ शिरली होती. अकरा लेकरांना देवी आल्या, त्यांतली दोन गेली. बन्सीधर मास्तरांनी शाळेला कडी घातली ती घातलीच. आता साथ ओसरली तशी कडी काढली, पण एक अट घातली. ज्याच्या दंडावर देवी काढल्याची, म्हणजे लस टोचल्याची, खूण असेल, त्यानंच शाळेत बसायचं. ना सरकारी नोकरी, ना हातात हुकूम, आणि अट मात्र तहसीलदारासारखी! पण मास्तर हट्टी होते. त्यांच्यापुढं पाटलाचं चालत नसे, तिथं सुग्रीवचं काय चालणार?

सुग्रीव म्हणजे सारजाबाईचा नवरा. भला माणूस, पण ज्याच्याजवळ बसेल त्याचं बोलणं घरी घेऊन येणारा. सकाळी मास्तरांकडून आला की म्हणायचा, "काढून घिऊ देवी. ज्यांच्या काढल्यात त्यातल्या एकालाबी आल्या न्हाईत." संध्याकाळी सटवाजी चुलत्याकडून आला की म्हणायचा, "गंगाखेडाकडं एका पोराचा हात सुजून ढोल झाला म्हनं. नगंच ते."

"अवो, तुमचं एक काय ते ठरवा," सारजा म्हणायची. "का आनी तिसऱ्या कुनाला इचारून येताव?"

तिचं स्वतःचं मात्र ठरलेलं होतं. तिचा थोरला चार वर्षांचा असताना देवीनं नेला होता. त्याच्या उशाला लिंबाचा पाला ठेवून, घरात फोडणी बंद करून, तिनं देवीला काय कमी विनवलं होतं? दुसरं लेकरू पाळण्यातच गेलं. म्हणून तिसरीचं नाव कडू ठेवलं, कुणाला गोड लागू नये म्हणून. देवी आली तर हात जोडायचे, तिला थंड करायचं, मानानं वाटंला लावायचं, एवढं सारजाला ठाऊक होतं. आणि हे लोक म्हणतात, देवी काढा!

"काढायला ती काय पायातला काटा हाय?" ती म्हणे. "आपन काढाया गेलो आन् ती चिडली, मग?"

ह्यावर सुग्रीव उठून मास्तरांकडं जायचा. ते आपले "लस, लस" करत राहायचे.

इकडं कडू सात वर्षांची. देवळाच्या भिंतीला कान लावून उभी राहायची आणि आतले पाढे ऐकून घरी म्हशीपुढं म्हणायची. म्हैस रवंथ करायची, कडू तिला चुका काढून दाखवायची. पोरीला शाळेत बसवायची हौस तिची स्वतःचीच होती. पण शाळा गेली तर परत येईल, पोर गेली तर?

अशात एक दिवस दवंडी झाली की देवी काढणारे आलेत. चावडीवर जे येणार नाहीत त्यांच्या घरी साहेब स्वतः जाणार. सारजानं इकडं तिकडं पाहिलं. खळं अजून उठायचं होतं, म्हणून ज्वारीची कणगी रिकामीच होती. तिनं कडूला उचलून आत सोडलं, वर झाकण टाकलं आणि म्हणाली, "हूं का चूं करशील तर बग!"

दुपारी मास्तर दारात आले. मागं देवी काढणारे साहेब, पांढरी दाढी, काखेत पेटी. त्यांच्याही मागं सुग्रीव, तोंड लपवत.

"कडू कुठंय?" मास्तरांनी विचारलं.

"मामाच्या गावाला गेलीय," सारजा म्हणाली. "सेलूला. कालच."

मास्तरांनी घरभर नजर फिरवली. कणगीवर ती जरा थांबली. मग ते साहेबांकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "हुशार पोर आहे बघा. एकदा मी विचारलं, सात नवे किती? ती म्हणाली, चौसष्ट. अगदी बरोबर!"

"त्रेसष्ट!" कणगी ओरडली. "आन् मी कवाच चौसष्ट म्हनले न्हाई!"

सुग्रीवला हसू आवरेना. मास्तर तर खांबाला धरून हसले. सारजा लाजेनं लाल झाली, पण पोरीचा पाढा बरोबर आल्याचा अभिमान काही तिला लपवता आला नाही. तिनं कडूला बाहेर काढलं आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

"मी काढू देनार न्हाई," ती म्हणाली. "देवीला काढू देनार न्हाई."

साहेब ओट्यावर टेकले. "काढना?" त्यांना कळेना. "अम्मा, हम काढते नहीं. हम तो टीका लगाते हैं."

"टिळा लावताव?"

मास्तर "अहो, तेच ते" म्हणणार होते, पण पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याला बोलू दिलं. सारजा काही दूधखुळी नव्हती. उघडलेल्या पेटीतली सुई तिला दिसत होती. टिळा सुईनं लावत नाहीत हेही तिला कळत होतं. तिनं साहेबांना सरळ विचारलं, "हे लावलं तर देवी येनार का न्हाई येनार? खरं सांगा."

"आएगी, अम्मा. जरूर आएगी. पर छोटी. एक बाजू पर बस." त्यांनी आपल्या दंडाला बोट लावलं. "थोडे दिन की मेहमान. फिर बडी नहीं आती."

सारजा थांबली. येणार होती तर! लहान होऊन येणार, पाहुणी म्हणून येणार. मग तिला बोलावता येत होतं, जेवू घालता येत होतं, मानानं वाटंला लावता येत होतं. इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी उचलावा तसं तिला झालं. ह्यात अपमान कुठं होता?

"आदी मला लावा," ती बाही सारत म्हणाली. "मला अजून आल्या न्हाईत. काय व्हायचं ते आदी मला होऊ द्या."

साहेबांनी तिला टोचलं, मग कडूला. कडू ओरडली तेवढीच, पण पाच घरं जागी झाली.

मग त्या घरानं असा पाहुणचार केला की विचारू नका. दारावर लिंबाचा डहाळा लागला, चुलीवरची फोडणी बंद झाली, रोज दहीभाताचा नैवेद्य. कडूचं दोन दिवस अंग कोमट झालं आणि ती खेळायला लागली. ताप भरला तो सारजाला. हातही तिचाच सुजला.

"आनी किती दिस बिनफोडणीचं वरण?" सुग्रीव कुरकुरला.

"पाहुनी जाईस्तवर," सारजा तापातूनच म्हणाली. "तुमी बोलावलाव न्हवं? मग खावा गुमान."

खपली पडली त्या दिवशी तिनं हळदकुंकू, दहीभात घेतला आणि कडूच्या हाताला धरून शिवेवरच्या देवीच्या ठाण्याला गेली. थोरल्याच्या वेळी तिला पाठवणी करताच आली नव्हती. देवी गेली ती लेकरू घेऊनच गेली होती. आज तिनं नैवेद्य ठेवला, हात जोडले, मागं वळून पाहिलं, तर कडू बाभळीच्या शेंगा वेचत उभी होती. सारजा तिथंच बसून रडली आणि रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी ती कडूला घेऊन देवळात गेली. मास्तरांनी खूण पाहिली, पोरीला तरटावर बसवलं. सारजा मात्र दारातून हलेना. चार महिने पोर नजरेआड केली नव्हती, आता पायच उचलत नव्हता.

"जा की आता, बाई," मास्तर म्हणाले.

सारजानं बाही वर सारली. तिची खूण कडूच्या खुणेपेक्षा दुप्पट मोठी होती. "ज्याच्या दंडावर खून त्यानं बसायचं, असं तुमीच म्हनलाव, मास्तर."

पोरं खिदळली. मास्तरांनी क्षणभर डोकं खाजवलं आणि मुकाट्यानं तरट सरकवलं. सारजा दुपारपर्यंत पोरांबरोबर पाढे म्हणत बसली. सगळ्यांत जास्त ती चुकली आणि दर वेळी कडूनं तिला सुधारलं.

तिसऱ्या दिवशी कडू एकटी निघाली. सारजा दारात उभी राहिली. गल्लीच्या वळणावर पोर मागं बघेल, मग आपण हात करू, असं तिनं ठरवलं होतं. कडू पळत सुटली ती वळून गेलीसुद्धा, एकदाही मागं न बघता. सारजाला इतका आनंद झाला की ती तशीच आत गेली आणि तिनं वरणाला लसणाची दणदणीत फोडणी दिली.