चीनहून आलेली नणंद

निकिता चीनहून घरी आली त्या दुपारी सविता बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून त्याला थोपटत बसली. बाळ टक्क जागं होतं. झोपवणं हे नुसतं निमित्त.

दोन हजार तीनचा एप्रिल होता. पेपरात रोज सार्सच्या बातम्या येत होत्या. चीनमध्ये तापाची नवी साथ आलीय, माणसं श्वास कोंडून दगावतायत, औषध कुणालाच ठाऊक नाही. टीव्हीवर तोंडाला फडकी बांधलेली माणसं दिसायची. आणि त्याच चीनमधून सविताची नणंद डॉक्टरकीचं पहिलं वर्ष अर्धवट टाकून परत आली होती, कारण कॉलेजने परदेशी मुलांना घरी जायला सांगितलं होतं.

"सविता, अगं बाळाला आण की भाईर!" सासूबाईंची, सिंधुबाईंची, हाक आली. "आत्या आलीय तिची, एवढ्या लांबून."

पहिली हाक सविताने ऐकून न ऐकल्यासारखी केली. दुसऱ्या हाकेला उठावंच लागलं.

निकिता कोपरापर्यंत हात धुऊन, कपडे बदलून बसली होती. तरी तिने आधी विचारलं, "वहिनी, घेऊ ना? विमानतळावर ताप बघितला माझा. काही नाही निघालं."

'नको' हा शब्द सविताच्या जिभेवर आला होता. पण सासू, सासरे, नवरा तिघंही तिच्याकडेच बघत होते.

"घ्या की ताई, विचारता काय," ती म्हणाली.

निकिताने भाचीला मांडीवर घेतलं, तिच्या टाळूवर नाक टेकवलं, आणि सविता तिथेच उभी राहून तिचा प्रत्येक श्वास मोजल्यासारखी बघत राहिली.

खरं सांगायचं तर या नणंदेबद्दल सविताच्या मनात एक काटा आधीपासूनच होता. निकिताची बारावीनंतर इथल्या मेडिकलची जागा थोडक्यात हुकली, तर अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मुंबईच्या एजंटाला गाठून तिला थेट चीनला पाठवलं. धनराजअण्णांचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षं पेट्यांत भरून पाठवायचं पॅकहाउस होतं, गंगापूर रोडला बंगला होता. घरात एक डॉक्टर हवाच, असा त्यांचा हट्ट. सविताला बी.एस्सी.नंतर पुढे शिकायचं होतं. तेव्हा तिच्या सिन्नरच्या माहेरची माणसं म्हणाली होती, आता काय करायचंय आणखी शिकून. एवढंच. काटा तसा बारीक होता, पण होता.

दोन दिवस बरे गेले. शेजारपाजारचे येऊन चीनबद्दल विचारून गेले. तिथे काय खातात, मुडदे फाडायला भीती वाटते का. तिसऱ्या दिवशी सकाळी निकिता चहाला आली नाही. दीपक, सविताचा नवरा, पहाटेच पॅकहाउसला गेला होता. हंगामाचा शेवटचा माल जायचा होता. सिंधुबाई अंगणात होत्या. सविता निकिताच्या खोलीकडे गेली. दाराला आतून कडी होती.

"ताई? चहा थंड होतोय."

"वहिनी, दारापासून लांब उभी राहा." आतला आवाज घोगरा होता. "बाळ कुठंय?"

"पाळण्यात. का?"

"मला ताप आलाय. एकशे दोन आहे. खोकलाही येतोय."

सविताने हातातला कप तिथेच जमिनीवर ठेवला.

"वहिनी, ऐकतेस ना? सार्सच असेल असं नाही. साधा तापही असेल. पण मला कळत नाही गं. पहिल्या वर्षाला आम्हाला हाडं न् स्नायू शिकवतात, ताप नाही शिकवत." ती खोकली. "माझ्या खोलीत कुणी येऊ नका. सिव्हिलला फोन कर, सांग की चीनहून आलेली मुलगी आहे, ताप आहे. ते गाडी पाठवतील. आणि तू बाळाला घेऊन सिन्नरला निघून जा."

सविता धावतच पाळण्याकडे गेली. बाळ शांत झोपलं होतं. तिने बॅग ओढली, दोन दुपटी त्यात कोंबली, आणि मग तिचा हात थांबला. आईचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून तर बाळंतपण सासरी झालं होतं. परवा ह्या बाळाला निकिताने कुरवाळलं होतं, मग आपण पाजलं होतं. आता हे दुखणं अंगावर असलंच तर ते घेऊन अंथरुणाला खिळलेल्या आईकडे जायचं? एसटीत, पन्नास माणसांत बसून?

तिने बॅग तशीच पलंगाखाली सारली, बाळाला उचललं आणि ती बैठकीत आली. फोन तिथेच होता, आणि फोनशेजारच्या खुर्चीवर अण्णा पेपर वाचत बसले होते.

तिने सगळं सांगितलं. अण्णांनी पेपराची घडी घातली.

"ताप हाय ना? गोळी दे. प्रवासाचा शीण असंल."

"अण्णा, ताई स्वतः म्हणतायत सिव्हिलला कळवा."

"सिव्हिलला?" अण्णांचा आवाज चढला. "म्हंजी घंटा वाजवत गाडी यायची दारात. उद्या पेपरात नाव. आपल्या पॅकहाउसात दीडशे बाया काम करत्यात, एक तरी येईल का? माल कोण उचलील? आन् पोरीचं काय, तिला उद्या स्थळ सांगून येईल? नाय. आपल्या डॉक्टरला गुपचूप बोलावतो घरी."

"त्यांना नका बोलावू, अण्णा!" निकिता आतून ओरडली. "त्यांच्याकडे दिवसभर लहान पोरं येतात!"

सिंधुबाई अंगणातून धावत आल्या आणि लेकीच्या दारावर हात आपटू लागल्या. "उघड गं माझे बाई, पाण्याची पट्टी तरी ठिवू दे."

"आई, मागे हो! हात नको लावू दाराला!"

सविता पुढे झाली. बाळ डाव्या खांद्यावर घेऊन तिने फोनच्या डायरीतला नंबर काढला आणि रिसीव्हर उचलला. फिरवून होतोय तोच अण्णांचा हात आला आणि फोन कट झाला.

सविताने त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. ती त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसली नव्हती. तिने पुन्हा नंबर लावला. पुन्हा त्यांनी फोनचं बटण दाबलं.

"सांगितल्यालं समजत नाय का तुला?"

"समजतंय, अण्णा." तिने रिसीव्हर खाली ठेवला नाही. "तुमचा माल समजतो, ताईंचं स्थळ समजतं. हिला अजून मानही धरता येत नाही. हिचं काय करू ते सांगा, मग ठेवते फोन."

आतून खोकल्याची उबळ आली. लांबलचक, कोरडी, मधे श्वास घ्यायलाही सवड नसलेली. सविताने तिसऱ्यांदा नंबर लावला. अण्णांचा हात उचलला गेला आणि हवेतच राहिला. पलीकडून कुणीतरी "हॅलो" म्हणालं.

गाडी आली ती घंटा न वाजवताच आली. पण पांढरे कपडे, हातमोजे आणि तोंडावर पट्ट्या बांधलेली दोन माणसं फाटकातून आत शिरली, आणि समोरच्या गच्च्या भरल्या. कुणी खिडक्या लावून घेतल्या. कालपर्यंत चीनच्या गमती ऐकायला येणारी शेजारीण पोरांना फराफरा ओढत घरात घेऊन गेली. निकिता तोंडाला ओढणी गुंडाळून बाहेर आली. डोळे लालभडक झाले होते. तिने आईकडे पाहिलं, वडलांकडे पाहिलं. सविता बाळाला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिकडे मात्र तिने मान वळवली नाही.

त्या माणसांनी सगळ्यांना सांगितलं, निकाल येईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. घशातला नमुना पुण्याला जाईल, थोडे दिवस लागतील. कुणाला ताप आला तर लगेच कळवा. दीपकला फोनवर सांगितलं, तू पिंपळगावलाच, कुणात न मिसळता राहा.

मग जे दिवस गेले ते सविता जन्मात विसरली नाही. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून हाक न मारताच पळायचा. भाजीवाली गल्लीत यायची बंद झाली. दीपक सारखा फोन करायचा आणि एकच विचारायचा, "बाळाला कसंय?" सविता नाकातोंडाला पदर घट्ट बांधून बाळाला पाजायची. बाळ शिंकलं की लगेच थर्मामीटर शोधायची. अण्णा तिच्याशी अवाक्षर बोलत नव्हते. ताटावर बसायचे, चार घास खायचे, उठायचे. सिंधुबाई देवापुढे बसून असायच्या. कधी सुनेकडे रागाने बघायच्या, कधी तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडायच्या.

आणि सविताला निकिताचा राग यायचा. हिने विचारलं कशाला, 'घेऊ ना?' म्हणून. घ्यायचंच नाही ना. लगेच स्वतःचाही राग यायचा. एक 'नको' तोंडातून निघाला नाही आपल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाचं अंग तापलं. सविताने काखेत थर्मामीटर धरला. पारा शंभराला टेकला होता. "अण्णा!" ती ओरडली, कुणाला हाक मारतोय हेही न कळता. "अण्णा, तापलीय ही!"

अण्णा चप्पल न घालता धावले. दोन दिवसांत पहिल्यांदाच ते तिच्या खोलीत आले होते. त्यांनी बाळाच्या कपाळाला हात लावला, पोटाला लावला. मग वर पाहिलं. वीज गेलेली, पंखा बंद, खिडक्या भीतीने लावलेल्या, आणि बाळ दुपट्यात करकचून गुंडाळलेलं.

"सोड ते दुपटं," ते म्हणाले. "उकडून काढलंय लेकराला."

त्यांनी खिडक्या उघडल्या, घडी केलेल्या पेपराने वारा घालू लागले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला, तरी हात थांबला नाही. बऱ्याच वेळाने सविताने पुन्हा थर्मामीटर लावला. पारा खाली आला होता. तिसऱ्यांदा लावला तेव्हा आणखी खाली.

"अजून फोन लावायचा का?" अण्णांनी विचारलं. "लावायचा असंल तर लाव."

"थोडं थांबू, अण्णा."

दोघं बाळाच्या दोन बाजूंना बसून राहिले.

दुसऱ्या सकाळी फोन वाजला. अण्णांनी उचलला, दोन वाक्यं ऐकली आणि रिसीव्हर सविताकडे दिला. "डॉक्टरीणबाई हायेत. तुझ्याशी बोलायचं म्हणत्यात."

"बाळाची आई का?" पलीकडून विचारलं. "तुम्हाला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या?"

"हो," सविता गोंधळून म्हणाली. "दुसरीत असताना. का?"

"मग फार काळजी नको. तुमच्या नणंदेच्या पाठीवर पुटकुळ्या उठल्यात. कांजिण्याच आहेत. छातीचा फोटो स्वच्छ आहे. पुण्याचा निकाल येईपर्यंत तिला ठेवून घेऊ, पण मला सार्स वाटत नाही. तुम्हाला येऊन गेल्यात, म्हणजे बाळाला तुमच्याकडून थोडं संरक्षण मिळालेलं असतं. तरी बाळाला घेऊन या, एकदा तपासते."

सविताने रिसीव्हर ठेवला आणि ती जमिनीवरच बसली. हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना.

"काय झालं? अगं बोल की!" सिंधुबाई तिचा दंड हलवत होत्या.

"कांजिण्या, आई. कांजिण्या झाल्यात ताईंना."

"अगं बाई! बाया आल्या व्हय!" सिंधुबाईंनी कांजिण्यांचं गावाकडचं नाव घेत हात जोडले आणि आधी कडुनिंबाचा डहाळा आणायला पळाल्या.

पुण्याचा निकालही चांगला आला. बाळाला काही झालं नाही. एक पुटकुळीसुद्धा उठली नाही. पण अण्णांची भीती खोटी नव्हती. पॅकहाउसातल्या निम्म्या बाया आठवडाभर आल्या नाहीत, आणि एका व्यापाऱ्याने ठरलेला माल सोडून दिला. शेजारीण पुढे महिनाभर फाटकाबाहेरूनच बोलायची. अण्णांनी त्याबद्दल सविताला एक शब्दही ऐकवला नाही, आणि तू केलंस ते बरं केलंस असंही कधी म्हणाले नाहीत.

खपल्या पडून गेल्यावर निकिता घरी आली. चेहऱ्यावर खड्डे पडले होते, केस गळाले होते. गच्चीवर कपडे वाळत घालताना ती सविताजवळ येऊन उभी राहिली.

"वहिनी, राग आहे ना तुझा माझ्यावर?"

"होता," सविता म्हणाली. मग पिळा झटकत म्हणाली, "आहे अजून थोडा. तुम्ही दार लावून घेतलंत, ते बरं केलंत. पण रात्री झोपेत अजून ते खोकणं ऐकू येतं मला."

निकिताने मान हलवली. बादलीतलं दुपटं काढून तिने पिळलं आणि दोरीचं दुसरं टोक धरलं.

पावसाळा संपत आला तेव्हा कॉलेजकडून निरोप आला, साथ ओसरलीय, वर्ग सुरू होतायत. सिंधुबाईंनी सरळ सांगितलं, पोरगी परत जायची नाही. दीपक म्हणाला, इथेच बी.एस्सी. करू दे. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर अण्णांनी सविताला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं.

"तुला काय वाटतं? पाठवावं का तिला?"

तिला घरात असं कुणी कधी विचारलं नव्हतं. 'नको' म्हणावं असं एकदा वाटलं. 'पाठवा' म्हणावं असंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

"मला भीती वाटते, अण्णा," ती शेवटी म्हणाली. "पण जायचंय त्यांना. त्यांनाच विचारा."

अण्णा उठले आणि लेकीच्या खोलीकडे गेले. आत निकिता पुस्तकातली हाडांची नावं मोठ्याने घोकत होती.