ओळखलं की खुर्ची सोडायची

आमची कंपनी बॅगा बनवते. मी नमुना विभागात आहे, म्हणजे नवी बॅग बाजारात जाण्याआधी तिचा पहिला नमुना माझ्या टेबलावर तयार होतो. शिकाऊ उमेदवार निवडायचं काम आम्हा तिघांकडे: मी, शिलाई विभागाचे साहेब आणि भरतीच्या मॅडम. साहेबांना अख्खा कारखाना पाठीमागे नकारघंटा म्हणतो. कुणाचंही काम समोर ठेवा, साहेब आधी नाही म्हणून मान हलवणार आणि मग बघणार.

यंदा मॅडमनी पद्धतच पालटली. आधी दरवर्षी एकाच कॉलेजची, एकाच वयाची, एका छापाची मुलं यायची. मॅडमनी स्वतः इथे टेलिफोन ऑपरेटर म्हणून सुरुवात केलेली, त्यांना ते कधीच पटलं नव्हतं. "नाव नको, वय नको, कॉलेज नको," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाने परत पाठवलेलं दप्तर द्यायचं. उमेदवाराने बंद खोलीत ते सुधारायचं. तुम्ही फक्त दप्तर बघा." वर आणखी एक नियम. काम बघून माणूस ओळखू आला, तर परीक्षकाने खुर्ची सोडायची आणि उरलेल्या दोघांचं एकमत झालं तरच निवड. मानलं बाईला!

हे सगळं मी घरी जेवताना सांगितलं. मोठ्या जाऊबाई भांडी आवरता आवरता नुसतं "हं" म्हणाल्या.

जाऊबाईंनी लग्नाआधी डिझाइनचा कोर्स केलेला, चांगली नोकरीही होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी ती सोडली, तू सोडतेस का, असं मला विचारलंसुद्धा नाही. पुढे मला मुलं झाली. मी प्रशिक्षणं केली, बढत्या घेतल्या, प्रदर्शनांसाठी गावोगाव हिंडले, आणि मुलं जाऊबाईंच्या मागे मागे करत वाढली. त्यांनी कधी ब्र काढला नाही. मी त्यांच्या जागी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

निवडीच्या दिवशी "माहेरी जाऊन येते गं" म्हणून त्या सकाळीच बाहेर पडल्या. मीही भोळसट, खुशाल जा म्हटलं.

चार नंबरचं दप्तर टेबलावर आलं आणि मी ते जवळ ओढलं. पट्टा तुटलेलं दप्तर. बाकीच्यांनी पट्टा जाड केला होता, शिवण दुहेरी घातली होती. इथे पट्ट्याचं टोक लांब ठेवून आत दुमडलं होतं, उसवलं की पट्टा वाढेल असं, आणि दुमडीवर तिरका टाका. माझ्या दोन्ही मुलांच्या दप्तरांना अगदी हाच टाका आहे.

"उमेदवाराचं म्हणणं, पट्टा कच्चा नव्हताच," मॅडम म्हणाल्या. "मूल वाढलं, पट्टा आखूड पडला, म्हणून ओढून ओढून तुटला."

अगं बाई! आम्ही इतके दिवस जाड धागा शोधत बसलो होतो.

गप्प बसले असते तर माझं मत माझ्या हातात होतं. मी उठले, तर सगळं नकारघंटेवर. आणि मेला एक किडा आणखी वळवळला: ह्या इथे आल्या तर घरी कोण? मी नाही म्हटलं तर कुणाला कळणार आहे? त्या विचाराचा मला इतका संताप आला, की मी खुर्ची मागे ढकलून उठलेच.

"मी ओळखलं. मी जाते बाहेर."

साहेबांनी नेहमीसारखी मान हलवली. मी दार ओढून घेतलं.

बाहेरून काचेतून दिसत होतं. साहेबांनी पट्टा हिसडला. मग टोक उसवलं, पट्टा वाढवला आणि तो अगडबंब माणूस शाळेचं दप्तर खांद्याला अडकवून खोलीभर फेऱ्या मारायला लागला. एरवी मी हसून हसून बेजार झाले असते. आज काचेला नाक लावून उभी होते.

दार उघडलं. साहेब दप्तरासकट बाहेर आले.

"घेतलं. आणि हे माणूस शिलाईला येणार. तुमच्या नमुना विभागाने डोळा ठेवायचा नाही."

मॅडम जाऊबाईंना घेऊन आल्या. पदराला धाग्यांचे तुकडे चिकटलेले. मला बघून त्या थबकल्या.

"तू मत दिलंस?"

"नाही. टाका ओळखला, उठून बाहेर आले."

"बरं केलंस बाई," त्या म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. "तू दिलं असतंस, तर हेही मला घरचंच वाटलं असतं."

साहेबांना आमचं नातं कुठलं माहीत असायला. ते तो टाका निरखत होते.

"काय हात आहे हो बाईंचा! इतकी वर्षं होत्या कुठे ह्या?"

"माझ्या घरी," मी म्हणाले.