ढगातली थाळी

विमान ढगात शिरलं की जग पुसून जातं. वर काय, खाली काय, काही उरत नाही. मला ते फार आवडायचं, आणि तीच माझी पंचाईत होती.

मी श्रीवर्धनच्या कोळीवाड्यातली किशोरी. नोकरी उरणला, कंटेनरच्या कचेरीत. सुट्टीच्या दिवशी छोटं विमान उडवायचं, हा माझा शौक. उघड्या आभाळात उडण्याचा परवाना होता. आता बाहेरचं काही न दिसता नुसत्या समोरच्या यंत्रांच्या काट्यांवर विसंबून ढगातून उडण्याचं रेटिंग, म्हणजे परवान्यावरची जादा मान्यता, हवं होतं. फ्लाइंग क्लबात मला शिकवणाऱ्या तेजस्वी मॅडमनी आधीच बजावलं होतं, "ढगात तुझं अंग तुझ्याशी खोटं बोलेल. काट्यांचं ऐकायचं."

माझं अंग आईच्या आवाजात खोटं बोललं.

म्हसळ्याच्या डोंगरांवरून किनाऱ्याकडे येताना मॅडम आणि मी पांढऱ्या ढगात शिरलो आणि इंजिनाच्या घरघरीतून थाळी ऐकू येऊ लागली. ठण, ठण, ठण. धुक्याच्या सकाळी बा समुद्रावर असला की माझी आई, नीराबाई, पितळेची थाळी घेऊन खाडीच्या तोंडाशी जायची आणि होडी आत येईपर्यंत वाजवत राहायची. मी अंथरुणात पडून ऐकायचे. आई बाला घरी बोलावतेय, असं म्हणून पुन्हा झोपी जायचे. आईला जाऊन आता दोन पावसाळे झाले. थाळी डावीकडून वाजत होती. मी कधी वळले, मला कळलंच नाही. कुशीत शिरल्यासारखं बरं वाटत होतं.

"किशोरी, काटे बघ!" मॅडमनी ओरडून विमान स्वतःच्या हातात घेतलं, तेव्हा ते डाव्या पंखावर कलून खाली घसरत होतं.

उतरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "परत असं झालं तर परीक्षेला तुझं नाव पाठवणार नाही. मला माझा जीव प्यारा आहे."

मी तोंड पाडून घरी गेले. बा अंगणात जाळं शिवत बसला होता. त्याला सगळं सांगितलं.

"आय बोलवत होती, बा. न जाऊन कसं चालंल?"

बाच्या हातातली सुई थांबली. "थाळीकडं कोन येतो गो? थंय खडक हाय. तुजी आय खडकावर उभी राहायची. थाळी वाजली का समजायचं, हिकडं यायचं न्हाय. आवाज डाव्या अंगाला ठेवायचा नि सरळ आत शिरायचं."

"म्हंजे ती बोलवत नव्हती?"

"खडकावर कशाला बोलवंल?" बा हसला. मग जाळ्याकडे बघत हळूच म्हणाला, "जीव तोडून लांब ठेवायची ती मला."

कोळ्याची पोर मी, आणि एवढी वर्षं आईचं म्हणणं नेमकं उलटं ऐकत आले होते. मला हसू आलं, आणि रडूही.

मॅडमनी आणखी काही उड्डाणं करून घेतली आणि अखेर माझं नाव पाठवलं. परीक्षेच्या दिवशी शेजारी परीक्षक बसले होते. किनाऱ्याजवळ ढग आला, जग पुसलं गेलं, आणि थाळी वाजू लागली. माझं सगळं अंग डावीकडे ओढ घेत होतं. समोरच्या यंत्रात क्षितिजाची रेषा सपाट होती, होकायंत्राचा काटा जागच्या जागी होता. डोळे भरून आले तरी मी हात हलवला नाही.

"कळलं गं आये," मी पुटपुटले.

"काही म्हणालात?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही सर. दिशा बरोबर आहे."

ठणठण हळूहळू मागे पडत गेली. ढग सरला. खाली सुपारीच्या बागा, वाळू, शांत पडलेल्या होड्या. परीक्षकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "झालं तुमचं काम. पास." खाडीच्या तोंडाशी तो काळा खडक दिसत होता. त्यावर कोणीच नव्हतं. मी त्याला डाव्या अंगाला ठेवलं आणि सरळ गेले.