बरकतीचं कासव

आमच्या नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही. मलाही खपत नाही. म्हणून त्या सकाळी नंदुरबारच्या आमच्या मिरचीच्या वखारीत दोघांची जुंपणार, हे ठरलेलंच होतं.

भांडण कासवावरून. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं, ताटलीएवढं. आठ वर्षं नानांच्या गादीशेजारी, उत्तरेच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, काचेच्या पेटीत. ते हललं की बरकत हलते, असा नानांचा ठाम विश्वास. खायला रोज कुरमुरे. आता चार दिवस त्याने कुरमुऱ्यांना तोंड लावलं नव्हतं आणि डोळे सुजून मिटले होते.

सुरतच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोटो पाहून मला फोनवर चांगलंच झापलं. "कवच मऊ पडलंय. त्याला रोज ऊन हवं, काचेतून आलेलं नव्हे, थेट. बसायला कोरडा दगड, बाजूला थोडी सावली, हिरवा पाला, कॅल्शियम. हे जन्मभर पाळावं लागतं, बाई! उद्या घेऊन या. तोवर उन्हात ठेवा, नाहीतर हातचं जाईल."

मी पेटीतून कासव उचललं.

"ठेव ते!" नाना गरजले. हमाल जागच्या जागी थांबले. "उंबऱ्याबाहेर गयं तं बरकत गयी!"

"आनि मरी गयं तं?" माझाही आवाज चढला. "मिरचीले रोज उलथीपालथी करी ऊन देतस तुम्ही. याले काब्र नही?"

नाना दारात आडवे उभे राहिले. सत्तरीचा माणूस, दोन्ही हात चौकटीला टेकवून. सासऱ्यांना ढकलायची वेळ येते की काय, असं वाटलं. तेवढ्यात माझ्या तळव्यावर कासवाची मान लुळी पडली.

नानांनी ते पाहिलं आणि ते बाजूला झाले.

अंगणात वाळत घातलेल्या मिरचीच्या कडेला मी त्याला दगडावर ठेवलं. नाना मागोमाग आले, उकिडवे बसले आणि अंगठ्याने कवच हलकेच दाबलं. ते दबलं.

"माले माहीत व्हतं," ते म्हणाले. "दिवाळीपासून नरम लागी ऱ्हायनं."

"मंग बोलनात काब्र नही?" संतापाने मला रडू फुटलं.

"बोलतू तं तुम्ही त्याले मन्हापासून दूर लई जातात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "दिवसभर मन्हासंगे दुसरं कोन बसस?"

आठ वर्षांत मी त्यांच्या गादीशेजारी एकदाही बसले नव्हते. आता त्यांच्याशेजारी धुळीत बसले.

"उद्या सुरतले आपुन दोन्ही जाऊत," मी म्हणाले. "मांडीवर तुम्हीच ल्या त्याले."

नानांनी मान डोलावली आणि दगड आणखी उन्हात सरकवला. कासवाचे डोळे अजून मिटलेलेच होते.