पडतानाच मासा घेतो

गळाच्या बुचाचं लाल टोक पाण्याबाहेर बोटभर उभं होतं, आणि एक पाणकिडा त्याच्या इतक्या जवळून रेघ मारत गेला, की टोक हललं असं क्षणभर वाटलं – हललं नव्हतं. त्याने काठीचा शेंडा हलकेच वर घेतला. खाली कुठेतरी गांडूळ वीतभर उचललं गेलं असणार. मग मनगट सैल सोडलं... आता ते उतरत असेल, सावकाश. घ्यायचा तर मासा आत्ताच घेतो. नुसत्या टांगलेल्या आमिषाकडे या तळ्यातले मासे ढुंकूनही बघत नाहीत.

"पळून चाललंय असं वाटलं पाहिजे त्याला!" वीस पावलांवरून दातांच्या डॉक्टरांचा आवाज आला. "वीतभर उचला, मनगट सोडा. पडतानाच मासा घेतो. ही माझी पद्धत."

माझी पद्धत! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर आमच्या मासेमारी मंडळाचे सात-आठ नवे सभासद, त्यातल्या एकाच्या हातात तर वही, आणि हा गृहस्थ कंबरेवर हात ठेवून माझी पद्धत म्हणतो. दोन वर्षांपूर्वी हाच महागडी काठी घेऊन ओळीने सहा रविवार रिकाम्या हाताने घरी गेला होता. शेवटी मलाच दया आली. लेथवर आयुष्य घालवलेला हा माझा खरबरीत हात त्याच्या त्या मऊ, साबणाच्या वासाच्या हातावर ठेवून मीच त्याला दाखवलं – एवढं उचला, एवढं सोडा. "पळून चाललंय असं वाटलं पाहिजे" हे शब्दसुद्धा माझेच. शब्द तरी बदलायचे! आणि मंडळाच्या शेडमधल्या फळ्यावर आज सकाळी लावलेला तो कागद, 'डॉक्टरांची पद्धत' म्हणून, खाली बाणबिण काढून आकृती, आणि आकृतीतलं बूच मधे फुगीर, खाली निमुळतं... ते माझ्या हातचं बूच आहे. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कातलेलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

बोलावं का? पण आपण होऊन कसं बोलायचं... माझं श्रेय द्या हो, म्हणून? माणसाला स्वतःला काही वाटायला हवं. एकदा नजर इकडे वळेल, हात वर होईल – हे यांनी शिकवलं. तीन शब्द. तेवढ्यासाठी तो तासभर बसून राहिला, बूच उचलत, सोडत. नजर वळलीही एकदा.

"काय उस्ताद, लागलं का काही?" डॉक्टर हसून म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा वहीवाल्याकडे वळले.

त्याने गळाची दोरी, तो तंगूस, गुंडाळला, काठीचे तीन तुकडे पिशवीत कोंबले आणि कुणाचाही निरोप न घेता निघाला. वाटभर तो मनातल्या मनात डॉक्टरांशी भांडला, आणि दर वळणावर जिंकला. पंधरा वर्षं पाण्याकडे बघून मला हे सुचलंय, डॉक्टर! पाण्याकडे बघून... हे वाक्य त्याने मंडळाच्या सहलीत भर पंगतीत म्हटलं होतं, सगळे वा वा म्हणाले होते. बायको तेव्हा चहाची किटली घेऊन फिरत होती.

घरी बायको शिलाई मशीनवर बसली होती. कुणाच्या तरी पडद्याला काठ लावत होती. त्याने पिशवी कोपऱ्यात आदळली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं – वही, कागद, बाण, बूच. तिने मशीन थांबवून ऐकलं.

"मग तिथेच सांगायचं ना," ती म्हणाली.

"मी कशाला सांगू? त्याला स्वतःला कळायला नको?"

तिने पडद्याची कड बोटाने सरळ केली.

"हो. कळायला हवं खरं."

आणि मशीन सुरू झालं.

तो उभाच राहिला. तिच्या आवाजात काहीच नव्हतं, टोमणासुद्धा नव्हता. तरी पाय तिथून हलेनात. एकच पाय चालवून ती मशीन फिरवत होती, दोन बोटांनी कापड जरा पुढे घ्यायची, जरा ढील द्यायची... ती बोटं तळ्यावर यायची पूर्वी. लग्नानंतरची तीन-चार वर्षं, दर रविवारी. तिला एका जागी बसवायचं नाही. मिनिटा-मिनिटाला काठी उचलून बघायची – गांडूळ मेलं की काय बघते. अगं, हलवू नकोस! मासे पळतात! तो कितीदा ओरडला असेल. "लटकलेलं कोण खाणार?" ती म्हणायची. "पळून चाललंय असं तरी वाटू दे बिचाऱ्याला." आणि एका सकाळी तिच्या काठीचं बूच सरळ खाली गेलं आणि हातभर लांब मासा वर आला, तेव्हा तो म्हणाला होता... चुकून लागला. पुढच्या रविवारी ती चप्पल घालून तयार होती. "तुझा हात स्थिर नाही," तो म्हणाला, "तू राहू दे." आणि एकटाच गेला, आणि झाडाआड बसून, कुणी बघत नाही ना बघून, त्याने काठी वीतभर उचलली होती.

सहलीच्या त्या पंगतीत ती त्याच्यापाशी आली, कप भरला, पुढे गेली. तिने बघितलं होतं का त्याच्याकडे? बघितलंच असेल. त्याने बघितलं नव्हतं.

लाज वाटायला हवी होती. वाटलीही असती कदाचित. पण आधी आला तो संतापच, आणि तोही तिच्यावरच. ही का बोलली नाही? एवढी वर्षं मूग गिळून बसली, रोज समोर जेवायला वाढलं, मासे साफ केले, आणि एकदाही... माझ्या तोंडून यावं म्हणून? असं कुणाला ताटकळत ठेवायचं असतं का – नाही, ताटकळत मी नव्हतोच, ती होती. मला तर आज सकाळचा एक तास जड गेला.

"अगं..."

मशीन थांबलं. तिने वर बघितलं. पाय मशीनच्या पॅडलवर तसाच.

रविवारी चल माझ्याबरोबर, असं तोंडावर आलं होतं. पण ते म्हणजे जुनं झाकायला वर टाकलेलं ठिगळ, हे त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने ते गिळलं. म्हणायचं होतं ते याहून खूप लहान होतं – सकाळचेच तीन शब्द. डॉक्टरांना सकाळी ते का म्हणता आलं नाही, हे त्याला इतकं स्वच्छ समजलं, की त्या माणसाचा रागसुद्धा आता धड करता येईना.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही."

ती अजून थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, घाई नसल्यासारखी. आणि त्या नजरेखाली, स्वतःच्याच घरात, त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना.