तीनशे तीनमधला झेंडू

उर्मिला स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती आणि त्यावर चढून तिचा नवरा शेजारच्या घरात ट्यूबलाइट बसवत होता. स्वतःच्या घरातला बाथरूमचा दिवा जाऊन पंधरा दिवस झाले होते. दार उघडं ठेवून दात घासायची पाळी आली होती. तो बदलायला सत्यजितला वेळ नव्हता. हमरियातल्या कामावरून घरी पोचायलाच रोज दीड तास लागतो, अंगात काही उरत नाही. पण समोरच्या तीनशे तीनमधल्या प्रभावहिनींनी एक हाक मारली, की स्वारी टेस्टर घेऊन हजर!

"वहिनी, लावा बघू बटण."

प्रभावतीनं बटण दाबलं. खिडकीजवळच्या कोपऱ्यात पांढरा उजेड पडला. रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेलं कमरेएवढं झाड त्या उजेडात हिरवंगार दिसत होतं.

"बघा कसं तरारलंय!" प्रभावती म्हणाली. "बाल्कनीत ठेवलं असतं तर जुलैतच करपलं असतं. एसीत ठेवलं म्हणून जगलं. समोरची बिल्डिंग ऊन अडवते, म्हणून दुपारपुरता हा दिवा. अठरा दिरहॅम घेतले हो त्या दुकानदारानं, दोनशे रुपये! संध्याकाळी मात्र बंद करायचा. झाडालाही झोप लागते."

"तुमच्या हाताला गुणच आहे वहिनी," सत्यजित स्टुलावरून उतरत म्हणाला. "शारजात, तिसऱ्या मजल्यावर, झेंडू! कमाल आहे."

उर्मिलेनं नाक मुरडलं. मुरडलेलं दिसू नये म्हणून ती झाडापाशी वाकली. एक पान तोडलं, बोटांत चुरडलं, सहज नाकाशी नेलं. आणि ती झटक्यात सरळ झाली.

"वास जरा उग्र आहे ना?" प्रभावतीनं विचारलं. "गावठी झेंडूला असाच असतो."

"हो, असाच असतो," उर्मिला म्हणाली. मग ती प्रभावतीच्या स्वयंपाकघरात गेली आणि तिनं साबणानं हात धुतले. पुन्हा धुतले. तिसऱ्यांदाही धुतले.

परत येताना आपल्या दाराला किल्ली लावता लावता सत्यजितनं विचारलं, "कसलं गं झाड ते?"

"झेंडूच की. आणखी कसलं?"

झेंडू कसला, कपाळ! तो गांजा होता. उर्मिलेचे वडील, आबा, शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी गावचे पोलीस पाटील. दरवर्षी तुरीच्या आणि कापसाच्या आड लपवून लावलेली ही झाडं पोलीस उपटून आणत, चौकीच्या अंगणात ढीग लावत, आणि परकरातली उर्मिला त्यांच्यासाठी चहाची किटली घेऊन जाई. तो वास तिला झोपेतही ओळखता आला असता. प्रभावती मात्र संगमेश्वरची. तिनं आंबा-फणस बघितला असेल, हे कुठून बघणार? मे महिन्यात गावाहून येताना तिनं वाळक्या झेंडूची फुलं पर्समध्ये आणली आणि बादलीत चुरून टाकली. झेंडू काही उगवला नाही. बादलीच्या वर पाखरांचा पिंजरा टांगलेला. कुठल्या कुठल्या देशाचे मिसळलेले दाणे ती पाखरं दिवसभर उधळत असायची, त्यातला एक दाणा खाली मातीत पडला आणि रुजला. पानाला झेंडूसारखे दाते दिसले, एवढ्यावर प्रभावती खूश. दसऱ्याला घरचा झेंडू मिळणार!

आणि या देशात त्या एका झाडापायी काय होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. नवरा आत, बायको आत, चार-चार वर्षं. मग व्हिसा कॅन्सल, खलास. 'माहीत नव्हतं' म्हणून कुणी सोडत नाही. प्रभावतीच्या नवऱ्याचं, आत्मारामभावजींचं, पेंटिंग कॉन्ट्रॅक्टचं काम, वीस वर्षं खपून उभं केलेलं. मुलगी रुचा दहावीला. सगळं त्या बादलीत उभं होतं.

सांगायचं की नाही? उद्या सांगू, असं उर्मिलेनं ठरवलं. खरंच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा तिथे बायकांचा अड्डा जमला होता. खालच्या मजल्यावरची संध्या झाडाभोवती फिरत म्हणाली, "हाताला गुण असावा लागतो बाई. नाहीतर आमच्या उर्मिलेची तुळस बघा, तीनदा आणली, तीनदा गेली!"

सगळ्या हसल्या. प्रभावती हसली नाही, उलट म्हणाली, "असू दे गं, तिच्या घरात ऊनच येत नाही." त्यानं तर उर्मिलेच्या अंगाचा तिळपापड झाला. हसली असती तर परवडलं असतं. ही बाई चांगुलपणासुद्धा असा वाढणार, की घेणाऱ्याचा घास घशात अडकावा! पुरणपोळी हिची फाटत नाही, मुलगी हिची वर्गात पहिली, मंडळाच्या दसऱ्याला सरस्वतीची आरती दरवर्षी हिच्या हातून. आणि आता उर्मिलेचा नवराही हिच्याच झाडाचं कौतुक करणार.

जिभेवर आलेलं उर्मिलेनं चहाबरोबर गिळलं. घरी आल्यावर तिला कळलं, की आपल्याला बरं वाटतंय. फार दिवसांनी. प्रभावतीला माहीत नाही असं काहीतरी आपल्याकडे आहे. ती पाणी घालतेय, पानं पुसतेय, रुचाला हाक मारून म्हणतेय, "झाडाला गुड मॉर्निंग म्हण." रुचा कंटाळून म्हणते, "मम्मी, इट्स अ प्लांट." आणि आपण सोफ्यावर बसून सगळं बघतोय. घाल बाई घाल, भरपूर पाणी घाल.

असे दिवस जात राहिले. सत्यजितनं जेवताना दोन-तीनदा विषय काढला.

"वहिनींचं झाड काय म्हणतंय?"

"मला काय विचारता? तुम्हीच जाऊन बघा की. नाहीतरी तुमचा जीव तिथेच असतो."

तो मग ताटात बघून जेवायचा.

एकदा तर उर्मिला ब्रेड आणायला खाली उतरली ती सरळ कोपऱ्यावरच्या फोन बूथमध्ये शिरली. आदल्या दिवशी प्रभावतीनं सांगितलं होतं, की सत्यजितभावजींना अळूवडी फार आवडते म्हणून मुद्दाम डबा पाठवलाय. उर्मिलेच्या घरात अळूवडी होत नव्हती का? पोलिसांचा नंबर पाठ करावा लागत नाही, एवढासाच असतो. तिनं रिसीव्हर उचलला, कानाला लावला. डायल टोन ऐकला. मग हाताला घाम फुटला म्हणून ठेवून दिला. ब्रेड घेऊन घरी येताना तिला स्वतःबद्दल इतकं चांगलं वाटलं, की काय सांगावं. केला का मी फोन? नाही केला. दुसरी कुणी असती तर केला असता. न केलेल्या त्या फोनवर तिनं पुढचे दहा दिवस काढले.

झाडाला कळ्या धरल्या. कळ्या म्हणजे शेंड्यांवर पांढरे तंतू, आणि हात लावला की चिकट. प्रभावती थोडी खट्टू झाली.

"झेंडू असा फुलतो का गं? दसरा मंगळवारवर आला. पिवळा रंग कुठे दिसत नाही."

"विलायती जात असेल," उर्मिला म्हणाली.

"तेच म्हटलं मी. फुललं नाही तर आख्खं झाडच नेऊ हॉलवर. ह्यांच्या पिकअपमध्ये मागे ठेवायचं, सरस्वतीच्या शेजारी मांडायचं. काय म्हणतेस?"

पिकअपमध्ये मागे! शारजाहून दुबईला, भर रस्त्यातून, उघड्यावर, दोनशे माणसांच्या हॉलमध्ये. उर्मिला हसली, मान हलवली, आणि घरी येऊन पलंगावर बसून राहिली. आता मजा वाटत नव्हती. वाटत नव्हती म्हणजे, थोडी वाटत होती, हेच वाईट होतं.

गुरुवारी दुपारी समोरच्या बिल्डिंगखाली दोन गाड्या थांबल्या. साध्या कपड्यातले चौघे वर गेले आणि एका माणसाला खाली घेऊन आले. त्याच्या पायांत घरातल्या स्लिपर होत्या. वॉचमन नूरुद्दीन वर येऊन कुजबुजला, "भाभी, सीआयडी. क्या किया, अल्ला जाने." उर्मिला खिडकीतून बघत होती. त्या माणसाची बायको गाडीमागे चार पावलं धावली आणि रस्त्यातच उभी राहिली. तिच्या जागी उर्मिलेला प्रभावती दिसली. मग रुचा दिसली. ती बाथरूममध्ये गेली, अंधारातच तोंडावर पाणी मारलं.

शुक्रवारी सत्यजितला सुट्टी होती. सकाळी ती भाजीला गेली, दुपारपर्यंत बाजारात भटकत राहिली, पण काय घेतलं ते तिला घरी येऊन पिशवी उपडी केल्यावर कळलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शनिवारी सत्यजित कामावर गेला तशी ती उठली, तोंड धुतलं, साडी नीट केली आणि समोरच्या दाराची बेल दाबली. काय बोलायचं ते मनात पाठ केलं होतं. वहिनी, मला आजच ओळखू आलं. आजच.

दार उघडलं तशी प्रभावतीनं तिला काही बोलूच दिलं नाही. हात धरून आत ओढलं, दार लावलं, कडी घातली, आणि उर्मिलेच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडायला लागली.

बादली कोपऱ्यात नव्हती. तिथली फरशी धुऊन पुसलेली होती. पिंजरा खाली उतरवून ठेवलेला, रिकामा.

"कुठल्या जन्माचं देणं फेडलंस गं बाई," प्रभावती म्हणाली. "काल तू भाजीला गेलीस तेव्हा भावजी आले. म्हणाले, वहिनी, उर्मिलेनं ओळखलंय, पण तुम्हाला सांगायचा तिला धीर होत नाही. तुम्ही किती जीव लावला होता झाडाला, म्हणून. मला पाठवलं, म्हणाले. मी तर मटकन खालीच बसले. त्यांनीच उपटलं. बारीक कापून, पाण्यात सोडून, तीन तास लागले. बादलीसुद्धा फोडून टाकली. ह्यांना मी रात्री सांगितलं, तर ह्यांचे हातपाय गार."

उर्मिलेनं धुतलेल्या फरशीकडे बघितलं.

"मी तुला किती बोलले असेन कधी, काही मनात धरू नकोस," प्रभावती डोळे पुसत म्हणाली. "माझ्या पोरीचं आयुष्य वाचवलंस. मंगळवारची आरती तू करायची. मी मंडळाला सांगून टाकलंय, कारण नाही सांगितलं. नाही म्हणायचं नाही हं."

"अहो, कशाला..." उर्मिला म्हणाली. मग तिनं प्रभावतीच्या पाठीवरून हात फिरवला. फिरवायला हवा होता म्हणून फिरवला.

सत्यजित सात वाजता आला. बूट काढले, पाणी प्याला, टीव्ही लावला नाही. उर्मिला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी." 'काय कळलं?' असं त्यानं उगाच विचारलं नाही. "दिवाळसणाला आलो होतो तेव्हा आबांनी मला चौकीवर नेलं होतं. ढीग दाखवला होता. तू विसरलीस. तरी मला खात्री नव्हती. मग तू तीनदा हात धुतलेस. झेंडूसाठी कोण धुतं?"

"मग विचारलंत कशाला, कसलं झाड म्हणून?"

"सांगशील म्हणून." तो मोजे गुंडाळत होता. "म्हटलं, आज नाही तर उद्या सांगेल. वहिनींना नाही तर मला तरी. जेवताना विचारायचो ते त्यासाठीच. तीन आठवडे वाट बघितली. मीही गप्पच बसलो, माझंही पापच आहे ते. गुरुवारच्या भानगडीनंतर मात्र धीर धरवेना."

"त्यांना खरं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? माझी बायको तुमच्या अटकेची वाट बघतेय?"

उर्मिलेला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. "माझा फार राग आला ना?" तिनं विचारलं.

सत्यजितनं विचार केला. तो नेहमीच उत्तर देण्याआधी विचार करायचा. तिला पूर्वी ते फार आवडायचं.

"राग आला," तो म्हणाला. "पण त्याच्या आधी भीती वाटली. म्हटलं, उद्या माझ्यावर रुसलीस, तर माझंही असंच बघत बसशील."

"असं कसं बोलता हो?" ती पुटपुटली. त्यानं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. तो उठून हात धुवायला गेला.

तिनं ताट केलं. गरम पोळी, वांग्याची भाजी, वरण, लिंबाची फोड. समोर ठेवलं आणि शेजारी बसली, रोजच्यासारखी. सत्यजितनं पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडापाशी नेला आणि थांबला. क्षणभरच. तिच्याकडे बघितलंही नाही.

मग घास तोंडात घातला. "मीठ बरोबर झालंय," म्हणाला, आणि जेवू लागला.