वागिमानचा कान

आमचे हे ट्रक हाकतात आणि टायर ऐकतात. बघत नाहीत, मोजत नाहीत, ऐकतात. आमच्या बेटावर ब्लितारपासून मलांगपर्यंत कुठल्याही गावात, कॉफीच्या टपरीवर विचारा, लोक सांगतील, कान असावा तर वागिमानचा. ट्रकच्या मागच्या चाकांवर लोखंडी दांडा हाणायचा, मान तिरकी करायची, डोळे अर्धे मिटायचे आणि जाहीर करायचं, "ठणठणीत." देवळातल्या पुजाऱ्याला येणार नाही असा आव.

मागे दोन्ही अंगांना जोडचाकं असतात. बाहेरचं टायर सगळ्या जगाला दिसतं, आतलं त्याच्या आडोशाला बसलेलं. आतल्याची हवा गेली तरी बाहेरचं बिचारं एकटं ओझं ओढत राहतं आणि ट्रक दिसायला ताठच्या ताठ. मग कुठल्यातरी उतारावर तेही फुटतं. म्हणून दोन्ही टायरं ठोकायची, आवाज ऐकायचा. भरलेलं टणकन बोलतं, रिकामं बद्द.

आता गंमत अशी, की ह्यांचे कान कधीच गेलेत.

जाणारच. ज्या ट्रकवर हे आहेत तो हाजी रोफिक यांचा, आणि ऑगस्टमधल्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत त्यावर घराएवढी स्पीकरची भिंत रचतात. ती वाजली की कौलं सरकतात, कोंबड्या अंडी द्यायच्या विसरतात. त्या भिंतीला पाठ लावून ह्यांनी इतकी वर्षं ट्रक हाकला. मी कानांत कापूस कोंबते म्हणून वाचले, ह्यांना तो नखरा वाटतो. आता मागून कुणी हॉर्न दिला तर शेजारी बसलेली मी मांडीला चिमटा काढते, तेव्हा हे बाजू देतात. टायर ठोकताना मी समोर उभी राहते. आवाज बरा आला तर डोक्यावरचा रुमाल सारखा करायचा, बद्द आला तर तोंडावर हात न्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. हाजींना कळलं तर ते दुसरा ड्रायव्हर बघणार, आणि सीटवरून उतरलेला माणूस घरात दिवसभर कुठे ठेवायचा? ट्रक सोडून ह्यांना काही येत नाही, भातसुद्धा करपवतात.

यंदा हाजींनी हवा मोजायचं नवं गेज आणलं होतं. लांब मानेचं, बाहेरच्या चाकाच्या भोकातून आतल्या टायरच्या वॉल्व्हला पोचेल असं. ह्यांना तो अपमान वाटला.

"हाजी, माझ्या कानावर भरवसा नाही का राहिला?"

"असं कसं म्हणता, पाक वागिमान. राहू दे गाडीत, शोभेला," हाजी म्हणाले. वडीलधाऱ्याला आम्ही पाक म्हणतो, तेवढा मान ठेवून गेज गेलं हत्यारांच्या खोक्यात.

मिरवणुकीच्या दुपारी बायकांनी मला भाताच्या पुड्या बांधायला धरून ठेवलं. सुटून धावत आले तोवर ह्यांनी ठोकाठोकी सुरूही केली होती. गर्दीच्या पलीकडे, माझ्याकडे पाठ. शेवटच्या जोडीतलं बाहेरचं टायर टणकन बोललं. मग दांडा आत गेला, आतल्यावर बसला, आणि बद्द. ओल्या गादीवर बुक्की मारावी तसा. ह्यांनी समोर मान वर केली, मी तिथे नव्हते. मग डोळे अर्धे मिटले.

"ठणठणीत."

"ठणठणीत," हाजी म्हणाले. स्पीकरवाले म्हणाले. आयोजक म्हणाले. सगळ्या माना हलल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या लोकांची ही खोड मला ठाऊक आहे. वडीलधाऱ्याने कावळा पांढरा म्हटला की आम्ही विचारतो, किती पांढरा हो? तोंडावर खोटं पाडायचं नाही, मग माणूस मेला तरी चालेल. पुढे नदीकडचा उतार, आणि त्या उतारावर ट्रकच्या पुढे गावच्या पोरी नाचत जातात. हे तर सीटवर चढायलाही लागले.

मग मी म्हटलं, जाऊ दे चुलीत ती सीट. आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओरडले, "अहो, आतलं टायर बसलंय. बहिरे आहात तुम्ही, ऐकू येत नाही तुम्हाला."

गेलं. इतक्या वर्षांची मूठ उघडली. आता सगळे वळतील, हाजी खाली मान घालतील, म्हणून मी डोळे मिटले.

उघडले तर कुणीच वळलं नव्हतं. एका बाईच्या कडेवरचं तान्हं दचकून रडायला लागलं होतं, तेवढंच. त्याची आईसुद्धा पुढे बघत होती. हाजी तोवर अलीकडे आलेले, माझ्यापासून दोन हातांवर, मिशीवरून बोट फिरवत उभे. मी त्यांच्या कानापाशी पुन्हा ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी.

मला हसावं की रडावं कळेना. भिडेपोटी गप्प आहेत म्हणून मी ज्यांना शिव्या घालत होते, त्यांतल्या एकालाही तो बद्द ऐकू आला नव्हता. एकमेकांचे ओठ आणि माना बघूनच सगळ्यांचं बोलणं चाललं होतं. आणि मी मूर्ख, ह्यांचं बहिरेपण असल्या लोकांपासून लपवत चिमटे काढत बसले.

गर्दीतून घुसले, खोक्यातलं गेज काढलं आणि आतल्या वॉल्व्हला लावलं. काटा जागचा हलेना. हाजींना खेचून दाखवलं. डोळे शाबूत होते त्यांचे. हेही खाली उतरले, काट्याकडे बघितलं, क्षणभरच चेहरा पडला. मग म्हणाले, "तेच तर म्हणत होतो मघापासून. बद्द येतोय."

"वागिमानचा कान तो," हाजींनी पाठ थोपटली. स्टेपनी चढवली. टायरात बोटभर खिळा निघाला, तो हातोहात फिरला, आणि माझं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही.

मिरवणूक निघाली. भिंत वाजायला लागली तशी छातीतली हाडं हलली, समोरच्या घराची एक काच खळकन गेली. हे माझ्याकडे वाकले.

"यंदा आवाज कमी ठेवलाय का गं?"

पुढे चालणाऱ्या हाजींनाही तेच वाटलं असावं. त्यांनी मागे वळून स्पीकरवाल्यांना हात वर केला, वाढवा म्हणून. नाचणाऱ्या नव्या पोरींनी कानांवर हात दाबले. गेल्या वर्षी नाचलेल्या पोरींना त्याची गरज पडली नाही.